मदत हवी आहे: चायना ग्रासच्या लहान साखळ्या कशा करायच्या?

नमस्कार मंडळी, मी नागपुरात एमएस्सी मायक्रोबायोलॉजी करतेय. लाल समुद्री शेवाळातली शर्करा पोटातल्या चांगल्या जिवाणूंना खाद्य म्हणून चालते का, हा माझा प्रोजेक्ट. इथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब, म्हणून इतवारी बाजारातून चायना ग्रास आणलं. तेही लाल शेवाळातलंच अगार.

घरच्या दह्यातून वेगळे केलेले लॅक्टोबॅसिलस त्यावर वाढवून पाहिले. ग्लुकोजच्या नळ्या रात्रीतून गढूळ झाल्या, म्हणजे जिवाणू वाढले; अगारच्या जशाच्या तशा. तसं बरोबरच आहे म्हणा, बहुतेक जिवाणूंना अगार पचत नाही, म्हणून तर जिवाणू वाढवायच्या पेट्री डिशमध्ये वापरतात. जपानी लोकांच्या आतड्यातल्या काही जिवाणूंकडे नोरी (सुशीत वापरतात ते लाल शेवाळ) पचवणारी जनुकं सागरी जिवाणूंकडून आली, हे 2010 मध्ये ‘नेचर’मध्ये वाचलं तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

अगार म्हणजे शर्करेच्या लांब साखळ्या; तोडून लहान केल्या तर जिवाणूंना पचतात का, ते आता पाहायचंय. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात उकळलं तर द्रावण तपकिरी झालं, जळक्या साखरेचा वास आला. म्हणजे शर्कराच बिघडली असावी. किती आम्ल, किती तापमान, किती वेळ ठेवू? उदासीन केल्यावर उरणारं मीठ स्वस्तात कसं काढू? अगार तोडणारं अगारेज एन्झाइम परवडत नाही. कुणी हे हाताने केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.