राजकीय मुंबईची एकदिवसीय सफर: गामदेवीत सुरू होऊन गेटवेला संपणारी वाट पुरेशी आहे का?

परळकर (चर्चाप्रस्ताव)

बाहेरगावचे पाहुणे आणि शाळा-महाविद्यालयांचे गट यांच्यासाठी मुंबईच्या राजकीय इतिहासाच्या ज्या एकदिवसीय सफरी निघतात, त्यांचा मार्ग सहसा बदलत नाही. सकाळी मणिभवन, तिथून चालत तेजपाल सभागृह आणि ऑगस्ट क्रांती मैदान, मग गिरगाव चौपाटीवरचा टिळकांचा पुतळा, जेवणानंतर हुतात्मा चौक आणि उन्हे उतरताना गेटवे. यातले प्रत्येक ठिकाण पाहण्याजोगे आहे, याविषयी वाद नाही. माझा आक्षेप असा, की ही सफर जिथे ठराव झाले ती ठिकाणे दाखवते आणि त्या ठरावांची किंमत ज्या वस्तीने मोजली ती वस्ती गाळते. भायखळ्याच्या उत्तरेला राजकारण घडलेच नाही, असा समज घेऊन पाहुणा घरी परततो.

१९०८ चे उदाहरण घ्या. जुलैच्या २२ तारखेला उच्च न्यायालयात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. ज्या दालनात ती सुनावली गेली, तिथे टिळकांचे उत्तर कोरलेली पाटी आज आहे. पण त्या निकालाला शहराने जे उत्तर दिले ते फोर्टात दिले नाही. गिरण्यांतल्या कामगारांनी सहा वर्षांच्या शिक्षेसाठी सहा दिवस काम बंद ठेवले आणि सैन्याच्या गोळ्या खाल्ल्या. फेब्रुवारी १९४६ मध्येही हेच घडले. नौसैनिकांचा उठाव कुलाब्याच्या 'तलवार' या तळावर १८ तारखेला सुरू झाला, काँग्रेस आणि मुस्लिम लीग या दोन्ही पक्षांनी त्याच्यामागे उभे राहायचे टाळले, आणि पाठिंब्यासाठी जो संप झाला त्यात परळ-लालबागचे रस्ते रक्ताने माखले. कम्युनिस्ट कार्यकर्त्या कमल दोंदे परळलाच गोळी लागून गेल्या.

त्याच परळमध्ये बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) चाळीच्या दोन खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर वीसेक वर्षे राहिले आणि तिथून जवळच्या दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ रोजी भरलेल्या सभेतून पुढे बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. देशाच्या राजकारणाला वळण देणारी ही जागा ज्या सफरीत नाही, तिला 'मुंबईचा राजकीय इतिहास' हे नाव लावू नये. माझा प्रस्ताव सरळ आहे: सफर सकाळी परळला सुरू करावी, दुपारी फोर्टात आणावी आणि त्यासाठी गेटवे गाळावे.

गामदेवीकर

सहमत नाही. राजकीय इतिहासाची सफर ही शेवटी पाहण्याची गोष्ट आहे, आणि पाहण्यासाठी काही उरलेले असावे लागते. मणिभवनाच्या दुसऱ्या मजल्यावर गांधीजींची खोली, चरखा आणि जमिनीलगतची बैठक जपलेली आहे. तिथे उभे राहिल्यावर १९१७ ते १९३४ या काळात हा माणूस मुंबईत आला की कसा राहत असे, हे कुणी सांगावे लागत नाही. तिथून थोडेसे चालले की तेजपाल सभागृह आणि गवालिया टँकचे मैदान (आजचे ऑगस्ट क्रांती मैदान) एकमेकांच्या शेजारी येतात. २८ डिसेंबर १८८५ रोजी काँग्रेसचे पहिले अधिवेशन तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ प्रतिनिधींनी भरवले, आणि तेही पुण्यात कॉलरा पसरल्यामुळे ऐनवेळी मुंबईला हलवावे लागले म्हणून. त्याच काँग्रेसने ५७ वर्षांनंतर शेजारच्या मैदानात 'चले जाव'चा ठराव केला. अर्ज-विनंत्यांपासून 'करेंगे या मरेंगे'पर्यंतचे अंतर जिथे पायी चालता येते अशी दुसरी जागा या शहरात नाही.

परळला तुम्ही काय दाखवणार? काचेच्या मनोऱ्याकडे बोट दाखवून 'इथे गिरणी होती' हे वाक्य किती वेळा म्हणता येईल? इतिहास तिथे घडला हे मान्य, पण तो वाचायचा विषय झाला आहे. शिवाय गामदेवीला केवळ ठरावांचा परिसर म्हणणे अन्यायाचे आहे. ९ ऑगस्ट १९४२ च्या सकाळी नेते पकडले गेल्यावर अरुणा असफअलींनी झेंडा फडकवला तो याच मैदानात, आणि अश्रुधुराची नळकांडी फुटली तीही इथेच.

वाटाड्या

मी हे काम करतो, म्हणून थोडे व्यवहाराचे लिहितो. वीस-पंचवीस माणसांचा गट, त्यात दोन-चार वयस्कर मंडळी, एक बस आणि संध्याकाळपर्यंतचा वेळ, एवढ्यावर सगळे बसवायचे असते. परळहून फोर्टात बस आणण्यात किती वेळ जाईल, हे सकाळी निघताना कुणी सांगू शकत नाही. उच्च न्यायालयाच्या दालनात मनात आले म्हणून गट नेता येत नाही. म्हणून मार्ग आखडतो. त्यामागे कुणाचा राजकीय हेतू असलाच पाहिजे असे नाही.

तरीही माझा मुद्दा परळकर आणि गामदेवीकर या दोघांहून वेगळा आहे. नकाशापेक्षा अधिक चूक सांगण्यात होते. हुतात्मा चौक तर प्रत्येक सफरीत असतो, पण तिथे होते काय? बस चौकाच्या कडेला लावता येत नाही, गट पदपथावर कोंडाळे करून उभा राहतो, मशाल घेतलेल्या शेतकरी-कामगाराच्या पुतळ्याचे छायाचित्र निघते, संयुक्त महाराष्ट्र चळवळीतले '१०५ हुतात्मे' हा तोंडात बसलेला आकडा सांगितला जातो (पुढे तो १०६ धरला जाऊ लागला) आणि मंडळी फ्लोराच्या कारंज्याकडे वळतात. यातून पाहुण्याचा असा समज होतो की शंभरावर माणसे या चौकात एका दिवशी मारली गेली. प्रत्यक्षात २१ नोव्हेंबर १९५५ चा गोळीबार ही सुरुवात होती. मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा १६ जानेवारी १९५६ रोजी झाल्यावर जो आगडोंब उसळला, त्यात गिरगावपासून लालबागपर्यंत गल्लोगल्ली माणसे पडली, आणि हुतात्म्यांच्या यादीत बेळगाव-निपाणीकडचीही नावे आहेत. स्मारक एका जागी आहे, पण मरणे सगळीकडे विखुरलेली आहेत.

आणि हाच चौक का, हा प्रश्न तर कुणी विचारतच नाही. २१ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचनेचा प्रश्न विधानसभेपुढे होता, गिरण्या बंद होत्या आणि मोर्चा विधिमंडळावर चालला होता. विधिमंडळ त्या काळी रीगल सिनेमासमोरच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये भरत असे, जिथे आज राज्य पोलिसांचे मुख्यालय आहे. पोलिसांनी मोर्चा अडवला तो फ्लोरा फाउंटनला. मी गटाला चौकातून रीगलपर्यंत चालवत नेतो आणि मोर्चाला उरलेले अंतर किती होते ते पावलांनी मोजायला सांगतो. उन्हात चालणे आहे, तक्रारी होतात, पण पुतळ्यासमोर जे कळत नाही ते त्या पंधरा मिनिटांत कळते. तेव्हा गामदेवीकरांना माझे सांगणे असे, की पाहण्यासाठी काही उरलेले असावे लागते हे अर्धेच खरे. रस्ता उरलेला असला तरी पुष्कळ होते.

तिसरा मजला

बीआयटी चाळीचा उल्लेख आला म्हणून लिहितो. मी त्या चाळीत राहत नसलो तरी तशाच चाळीत वाढलो आहे. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत जे सुधारणा मंडळ स्थापन झाले, त्याने या चाळी बांधल्या. लांब सामाईक गॅलरी, ओळीने खोल्या, टोकाला सामाईक संडास आणि दिवसभर उघडी दारे. आता कल्पना करा की रविवारी सकाळी पाणी आलेले असताना, बादल्यांची रांग लागलेली असताना, गळ्यात ओळखपत्रे अडकवलेला पंचवीस जणांचा गट जिन्याने वर येतो आणि ध्वनिवर्धकावरून कुणी सांगू लागतो की बाबासाहेब इतक्या लहान जागेत राहत होते. ती लहान जागा ऐकणाऱ्यांचे आजचे घर आहे. मणिभवनात कुणी राहत नाही, म्हणून तिथे जाणे सोपे आहे.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आलेली माणसे या चाळीकडेही येतात, उंबऱ्याशी नमस्कार करतात आणि निघून जातात. त्यांना कुणी परके समजत नाही, कारण ती बघायला आलेली नसतात. सफरीचा गट बघायला येतो आणि हा फरक दारातल्या माणसाला लगेच जाणवतो. परळकर, तुमचा आग्रह न्यायाचा आहे हे मला कळते, पण न्यायाची किंमत पुन्हा त्याच वस्तीने मोजावी का?

दूरदेशीचा

बेलफास्टमध्ये मी अशी एक सफर केली आहे, तिची रीत इथे सांगण्यासारखी वाटते. फॉल्स रोडवर आयर्लंडच्या एकीकरणासाठी लढलेला आणि तुरुंग भोगलेला माणूस तुम्हांला फिरवतो. दोन वस्त्यांमध्ये आजही उभी असलेली भिंत आली की तो थांबतो, आणि पलीकडच्या शँकिल रोडवर विरुद्ध बाजूने तुरुंगात गेलेला माणूस पुढचा ताबा घेतो. दोघे एकमेकांचे म्हणणे खोडत नाहीत आणि तटस्थ असल्याचा आवही आणत नाहीत. 'तिसरा मजला' यांनी जे अवघडलेपण मांडले त्यावर हा काहीसा उपाय आहे, कारण वस्तीतलाच माणूस बोलत असला की बघे आणि रहिवासी यांच्यातला ताण निम्मा होतो. बीआयटी चाळीत वर न जाता खाली अंगणात, तिथल्याच कुणा जाणत्या रहिवाशाने त्याला हवे तेवढेच सांगितले, तर कुणाची हरकत असेल असे वाटत नाही.

गामदेवीकर

बेलफास्टची रीत मुंबईला लागू करताना एक अडचण आहे. आमदार कृष्णा देसाई यांचा जून १९७० मध्ये लालबागला खून झाला. त्याच वर्षीच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी उभ्या होत्या आणि वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार म्हणून निवडून आले. लालबागमध्ये उभे राहून हे सांगायचे तर कुणाकडून? कम्युनिस्ट कार्यकर्त्याकडून की शिवसैनिकाकडून? दोघांना आळीपाळीने बोलवायचे तर मध्ये बेलफास्टसारखी भिंत नाही, दोघेही एकाच चहाच्या टपरीवर उभे असतात. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाचे तेच. तो दत्ता सामंतांनी हरवला, मालकांनी मारला की सरकारने कुजू दिला, यावर एकेका घरात दोन मते आहेत. १९४२ वर कुणाचे भांडण नाही, म्हणून सफर तिथे रमते. याला मी भित्रेपणा म्हणणार नाही. पाहुण्यांना आपल्या भांडणात ओढू नये, एवढेच त्यात आहे.

परळकर

'तिसरा मजला' यांची अट मला मान्य आहे. गॅलरीत गट न्यायचा नाही आणि ध्वनिवर्धक तर नाहीच. परळला दाखवण्यासारखे काही नाही हे मात्र मान्य नाही. कामगार मैदान आहे, गिरणी कामगार युनियनची दळवी बिल्डिंग आहे, आणि वाटाड्यांनी सांगितलेल्या पद्धतीने पाहिले तर रस्ते आहेत.

गामदेवीकर, १९४२ वर कुणाचे भांडण नाही हे तुम्ही इतक्या सहजपणे कसे लिहिलेत? कम्युनिस्ट पक्षाने त्या आंदोलनाला विरोध केला होता आणि डॉ. आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. म्हणजे परळच्या दोन मोठ्या राजकीय प्रवाहांचे गवालिया टँकशी भांडणच होते. तुमच्या सफरीत ते ऐकू येत नाही, कारण ती परळला जातच नाही. पाहुण्याला भांडणापासून वाचवायचे तर राजकीय इतिहास कशाला दाखवायचा? त्याला सरळ राणीच्या बागेत न्यावे.

वाटाड्या

भांडण ऐकण्यासाठी परळपर्यंत जायचीही गरज पडत नाही. गामदेवीहून फार लांब नाही अशा काँग्रेस हाउसच्या आवारात 'पीपल्स जिना हॉल' आहे. १९१८ च्या डिसेंबरात गव्हर्नर विलिंग्डनच्या गौरवाची टाउन हॉलमधली सभा जिनांनी उधळून लावली, म्हणून मुंबईकरांनी वर्गणी काढून तो त्यांच्या नावाने बांधला. एकाही ठरलेल्या सफरीत मी तो पाहिलेला नाही. मी नेतो तेव्हा गटातले निम्मे लोक विचारतात की हे कशाला दाखवता, आणि उरलेले विचारतात की हे आम्हांला आधी कुणी का सांगितले नाही. त्या ठिकाणी जितकी चर्चा होते तितकी मणिभवनात होत नाही.

परळकर

जिना हॉल अवश्य घ्या. गेटवे मात्र गाळाच.

गामदेवीकर

गेटवेतून २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची ब्रिटिश पलटण गेली, तेव्हा तो गाळायला माझा विरोध कायम आहे. जेवणाचा वेळ कमी करा.