एआय कॅमेऱ्यानं वसतिगृह सुरक्षित होत नाही (कालच्या पोस्टला उत्तर)

धंतोली_डेस्क
सर्व्हररूम_परसोडी यांची कालची पोस्ट वाचली. सूचना तीन: नागपुरात नंदनवन-सक्करदऱ्याकडच्या वसतिगृहांत चेहरा वाचणारे एआय कॅमेरे, क्लासच्या मुलांच्या मोबाइलमध्ये 'जोखीम गुण' देणारं अॅप, आणि गुण वाढला की वॉर्डन-पालकांना आपोआप मेसेज. वर 'आत्महत्या रोखणं एवढं सोपं असून प्रशासन झोपलंय' हा शेरा. सोपं? मग गणितच करू.

2022 मध्ये देशात लाखामागे 12.4 आत्महत्या नोंदल्या गेल्या. समजा तुमचं अॅप धोक्यातला माणूस 90 टक्के वेळा पकडतं आणि धोका नसलेल्याला 90 टक्के वेळा सोडतं. एक लाख मुलांत ते 12 पैकी 11 पकडेल आणि जवळपास दहा हजार खोटे इशारे देईल. एका खऱ्यामागे नऊशे खोटे. वॉर्डन महिन्याभरात नोटिफिकेशन बंद करणार, आणि त्याला दोषही देता येणार नाही. 2017 मध्ये आत्महत्येवरच्या 50 वर्षांच्या अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. त्यात एकेका जोखीम घटकावरून केलेलं भाकीत नाणेफेकीहून जेमतेम बरं ठरलं.

पालकांना आपोआप मेसेज हा तर कहर. पीएचक्यू-9 या नैराश्य तपासायच्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. 'अजिबात नाही' ते 'जवळजवळ रोज' असे चार पर्याय. खरं उत्तर दिलं की बाबा गडचिरोलीहून बॅग भरायला येतात, हे एका मुलाला कळलं की अख्खा मजला 'अजिबात नाही'वर टिक करतो. तुमची माहिती तिथेच नासली.

सर्व्हररूम_परसोडी
लाखामागे 12 हा आकडा मृत्यूंचा आहे साहेब. आम्ही मृत्यूचं भाकीत करत नाही, त्रासात असलेला मुलगा शोधतो. असे मुलं लाखात 12 नसतात, हजारोंनी असतात. तेवढ्यानं तुमचं नऊशेचं गणित कोसळतं. फेसबुकनं 2017 पासून पोस्ट तपासणारी यंत्रणा चालवली, मधे माणूस बसवला आणि गरज पडली तिथे पोलिसांना कळवलं. उत्तर प्रदेशात मेटाकडून (फेसबुकची कंपनी) आलेल्या इशाऱ्यांवर पोलीस घरापर्यंत पोचलेत. 'काहीच करू नका' म्हणणाऱ्यांचं बरं असतं, त्यांचा खोटा इशारा कधी मोजलाच जात नाही.

मेडिकलचौक
युरोपीय संघात फेसबुकनं तीच यंत्रणा खासगीपणाच्या कायद्यामुळे सुरू केली नाही, तेही सांगा ना. आपल्याकडे 2023 च्या डेटा कायद्यात 18 खालच्यांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मनाई आहे. शिक्षणसंस्थांना सवलत मिळाली तरी ती मर्यादित कामापुरती. नीटच्या क्लासमधले बहुतेक 16-17 चे. शिवाय रोमन लिपीत लिहिलेली वऱ्हाडी-हिंदी खिचडी आणि मित्रामित्रांतली मरणाची थट्टा इंग्रजीवर तयार झालेलं मॉडेल कसं वेगळं करणार?

तंत्रज्ञान लागतं कुठे ते सांगतो. आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेला माणूस दवाखान्याच्या वॉर्डातून घरी जातो, त्यानंतरचे आठवडे सगळ्यात धोक्याचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच केंद्रांच्या अभ्यासात (एक चेन्नई) सुट्टी देताना तासभर समजावलं आणि 18 महिन्यांत नऊ वेळा संपर्क ठेवला: पहिला, दुसरा, चौथा, सातवा, अकरावा आठवडा, मग चौथा, सहावा, बारावा आणि अठरावा महिना. आत्महत्येनं मृत्यू नेहमीच्या उपचारात 2.2 टक्के, या गटात 0.2. याला लागतं काय? तारखा दाखवणारं सॉफ्टवेअर, एक सिम आणि फोन करणारं माणूस.

आता हे फसतं कुठे. नोंदवलेला नंबर भाच्याचा निघतो. अनोळखी नंबर कोणी उचलत नाही, किंवा फोनवर 'स्पॅम' दिसतं. म्हणून सुट्टीच्या आधी वॉर्डातच आपला नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून एक मिस्ड कॉल द्यायचा, दुसरा नंबर विश्वासातल्या माणसाचा घ्यायचा, फोन कोणत्या वेळी चालेल ते लिहायचं. आवाज दर वेळी तोच हवा. नाव सेव्ह करताना 'मनोरुग्ण' हा शब्द नको, घरातला कोणीही स्क्रीन बघतो.

काटोल_संत्री
सगळं वसतिगृह अन् मोबाइल करून राहिले. विदर्भातल्या गावात घरात फवारणीचं औषध पडून असते, त्याचं काय? कुलपाची पेटी द्या प्रत्येक शेतकऱ्याला. वाटल्यास सेन्सर लावा, उघडली की बायकोला मेसेज. हे तंत्रज्ञान नाही का बे? की नागपूरची हद्द संपली की माणसं संपते?

मेडिकलचौक
पेटी करून झाली आहे भाऊ. श्रीलंकेत 180 गावांत, 50 हजारांहून जास्त घरांना वाटली. 2017 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: फरक नाही. पेटी येते, मग किल्ली खुंटीला लटकते, कारण फवारणीच्या दिवसांत सारखी उघडझाप. श्रीलंकेतल्या आत्महत्या कमी झाल्या त्या अतिविषारी औषधांवर 1995 पासून टप्प्याटप्प्यानं बंदी आल्यामुळे. सेन्सर लावा नाहीतर घंटा.

काटोल_संत्री
बंदी! बोलाले सोपी. बोंडअळी आली की पर्याय कोणता, भाव काय, ते कृषी केंद्रवाल्याला विचारून या. बंदी आली की तेच चोरून येते, बिनबिलाचं. अन् चेन्नईच्याच लोकांनी तामिळनाडूत गावात सामायिक लॉकरखोली केली होती. दोन किल्ल्या, एक मालकाकडं, एक केंद्रावर. तिथं फायदा दिसला. ते काहून नाही सांगत?

मेडिकलचौक
दोन गावं उपायाची, दोन तुलनेची. इतक्या छोट्या अभ्यासावर जिल्हा चालवता येत नाही. पण तिथे खोलीवर माणूस होता, औषध मागायला आलेल्याशी दोन शब्द बोलणारा. फायदा त्याचाही असू शकतो. तेवढं तुमचं खरं.

काटोल_संत्री
उपकार झाले. शेत दोन कोस अन् लॉकर गावात, याचं उत्तर मीच देतो: फवारणीच्या हंगामात सकाळी सहाला उघडा. दहाला उघडाल तर माल पुन्हा घरातच.

धंतोली_डेस्क
धागा काटोलला गेला, पण जाऊ द्या, कॅमेऱ्यापेक्षा कामाचा आहे. गावातला माणूस किती करू शकतो याचं उदाहरण अमरावती जिल्ह्यातच आहे. विश्राम प्रकल्पात 30 गावांत गावातल्याच कार्यकर्त्यांनी समुपदेशन केलं. नैराश्य असलेल्यांत मदत घेणारे 4.3 टक्क्यांवरून 27.2 वर गेले. त्यात कोणाचा चेहरा स्कॅन केला नव्हता.

सर्व्हररूम_परसोडी
म्हणजे तंत्रज्ञान पाप, माणूस पुण्य. कीर्तन संपलं का? रात्री दोनला तुमचा गावातला कार्यकर्ता कुठे असतो?

धंतोली_डेस्क
रात्री दोनला टेलिमानस असतं, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. 14416, ऑक्टोबर 2022 पासून, चोवीस तास, फुकट, मराठीत. जीव आत्ताच धोक्यात असेल तर 112. तुमच्या पोस्टमध्ये हे दोन्ही नंबर नव्हते, कॅमेऱ्याचं मॉडेल मात्र होतं.

सर्व्हररूम_परसोडी
ठीक. कॅमेरे सोडले, खूश? पालकांचा आपोआप मेसेजही सोडला. अॅप नाही सोडत. सुरक्षा आराखडा, म्हणजे संकटात काय करायचं ते आधीच लिहून ठेवायचं, तो अॅपमध्ये बसतो की नाही?

मेडिकलचौक
बसतो. सहा पायऱ्या: स्वतःची धोक्याची लक्षणं, एकट्यानं करता येणारे उपाय, मन दुसरीकडे गुंतवणारी माणसं-जागा, मदत मागता येईल अशी माणसं, डॉक्टर-हेल्पलाइन, आणि घरातली घातक साधनं दूर करणं. अमेरिकेत रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात हा आराखडा आणि किमान दोन फोन मिळालेल्यांत सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन सुमारे 45 टक्के कमी दिसलं. अटी माझ्या: नेटवर्क नसताना उघडलं पाहिजे, लॉगिन नको, फोनचं बटण पहिल्या स्क्रीनवर, सर्व्हरवर काही जाणार नाही. आणि भरायचं दोघांनी बसून, वीस ते चाळीस मिनिटं. मुलाच्या हाती देऊन 'भर' म्हटलं की चौथ्या पायरीत 'आई' एवढंच येतं, आणि कित्येकदा भांडण तिच्याशीच असतं.

सर्व्हररूम_परसोडी
सर्व्हरवर काहीच नाही, तर चाललं की नाही हे मोजणार कसं?

मेडिकलचौक
नऊ फोनपैकी किती उचलले ते मोजा. वहीतही मोजता येतं.

काटोल_संत्री
वही मी देतो. फोन करणाऱ्या पोरीचा पगार कोण देते ते सांगा आधी.