फुकटची व्हीलचेअर आणि मापाचे नखरे

सडेतोड: तालुक्याच्या शिबिरात व्हीलचेअर फुकट वाटतात, तरी ‘माप घेतलं नाही’ म्हणून रडारड. चार चाकं नि एक सीट, त्यात माप कसलं? डॉक्टरांनी ऑपरेशन करायचं की टेप घेऊन फिरायचं?

रुंदी_सोळा: टेपच घेऊन फिरायचं! १८ इंची खुर्चीत बारीक माणूस एका बाजूला कलतो, भार एकाच बैठकीच्या हाडावर. मणक्याला इजा असेल तर तिथलं दुखणं कळतही नाही, कळतो तो थेट बेडसोर, म्हणजे दाबाने पडलेली जखम. सीट नितंबांच्या रुंदीची हवी आणि गुडघ्यामागे दोन-तीन बोटं जागा उरली पाहिजे. सीटची खोली (पुढून पाठीपर्यंतची लांबी) जास्त झाली की माणूस पुढे घसरून माकडहाडावर बसतो. फूटरेस्ट उंच असला की मांड्या अधांतरी. दहा मिनिटांचं काम, जखम भरायला महिने.

हिशेबी: एवढं कशाला, हवेची गादी द्या नि मोकळे व्हा.

पंक्चरवाला: हवा कोण बघणार, तुम्ही? जास्त भरली की माणूस डळमळतो, कमी झाली की हाड तळाला टेकतं. खेडेगावात फोमच बरा. खाली घट्ट, वर मऊ.

हिशेबी: आणि त्यावर ताणून बसवलेलं रेक्झिन! मग फोम दबतच नाही, वर घाम. झोळीसारखी सीट असली की गादीही तिच्याबरोबर वाकते. फोमवाल्यांना हे कधी सुचत नाही.

पंक्चरवाला: कव्हर सैल नि ताणणारं शिवा, खाली फळी टाका. यात हवेचा काय संबंध?

रुंदी_सोळा: भांडू नका, तपासा. माणूस बसल्यावर बैठकीच्या हाडाखाली बोटं घाला. पाच मिलिमीटर वरखाली हलली तर ठीक. हलत नाहीत पण सहज निघतात, तर सावध. ओढून काढावी लागली तर गादी बाद, मग हवा असो की फोम.

सडेतोड: बरं बाबा, घ्या माप. पुढच्या शिबिरात शिंपीच बसवू.

रुंदी_सोळा: बसवा, निदान टेप तरी असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या मार्गदर्शिकेत व्हीलचेअर सेवेचे आठ टप्पे आहेत, शेवटचे दोन प्रशिक्षण आणि पाठपुरावा. आपल्याकडे हार-फोटो हा नववा, आणि बहुतेकदा तेवढाच होतो. दिव्यांगांना साधनं देणारी १९८१ पासूनची केंद्राची एडिप योजना सामाजिक न्याय मंत्रालयाकडे, मणक्याचे उपचार आरोग्य खात्याकडे. डिस्चार्ज कार्डावर गोळ्या लिहितात, सीटची रुंदी लिहायची कोणी?

हिशेबी: फिजिओने. पण फोमवाल्यांना विचारून नको.