बर्फ कारखान्याचा डिमांड चार्ज आणि सॅम्युअल इन्सल

मिरकरवाडा: जून-जुलैत मासेमारी बंद, आमच्या बर्फ कारखान्याचे कॉम्प्रेसर बंद, तरी वीजबिलात केव्हीएवरचा (विजेच्या भारावरचा) डिमांड चार्ज येतोच, म्हणजे युनिटांवर नव्हे, कमाल मागणीवरचा आकार. ही पद्धत शिकागोच्या वीज उद्योजक इन्सलची का? आणि एवढा मोठा माणूस १९३२ मध्ये बुडाला कसा?

दापोली: मूळ कल्पना इंग्लंडची. एडिसनचा सेक्रेटरी म्हणून १८८१ मध्ये अमेरिकेत गेलेला इन्सल १८९२ मध्ये शिकागो एडिसन या वीज कंपनीचा अध्यक्ष झाला. १८९४ मध्ये ब्रायटनला आर्थर राइटचं कमाल मागणी नोंदवणारं मीटर पाहून त्याने दोन भागांचा दर उचलला: एक भाग कमाल मागणीवर, दुसरा वापरलेल्या युनिटांवर. हिशेब असा: वीज बनवणारं १०० किलोवॅटचं यंत्र २४ तास चाललं तर २४०० युनिट, ६ तास चाललं तर ६००. यंत्राच्या कर्जाचं व्याज तेवढंच. म्हणून तर यंत्र जास्त तास चालावं यासाठी तो ट्राम कंपन्यांना गिऱ्हाईक करायच्या मागे लागला.

ऑगस्टात सगळे कॉम्प्रेसर एकदम लावू नका. मीटर क्षणाचा झटका नव्हे, ठरावीक मिनिटांची सरासरी पकडतं. टाक्या पाळीपाळीने थंड करा.

देवगड: इन्सलला बुडवलं ते होल्डिंग कंपन्यांच्या, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे शेअर धरून ताबा ठेवणाऱ्या कंपन्यांच्या, उतरंडीने. समजा मालमत्ता १०० रुपयांची: ५० कर्जरोखे, ३० मताधिकार नसलेले प्रेफरन्स शेअर, २० साधे. साध्यांतले १० घेतले की ताबा. ते १० वरच्या कंपनीने याच प्रमाणात उभे केले, तर १ रुपयात १०० हातात! पण खाली नफा थोडा घटला तरी व्याज आधी जातं, वर काहीच पोचत नाही, आणि वरचं व्याज थांबत नाही. त्यात शेअर तारण ठेवून न्यूयॉर्कच्या बँकांचं कर्ज. भाव पडले तसं तारण संपलं. त्याची होल्डिंग कंपनी मिडल वेस्ट युटिलिटीज कोसळली, शिकागोला वीज पुरवणारी त्याची कॉमनवेल्थ एडिसन मात्र टिकली. इन्सल १९३४ मध्ये फसवणुकीच्या खटल्यात निर्दोष सुटला. १९३५ मध्ये अमेरिकेने अशा उतरंडींवर कायदा केला.