मदत हवी आहे: कीकॅडमध्ये एका चॅनलचा लेआउट बाकी सात चॅनलना कसा द्यायचा?

मंडळी, ४-२० मिलिअँपच्या (सेन्सरच्या करंट सिग्नलच्या) आठ इनपुटांचं कार्ड करतोय, कीकॅड ७ या सर्किट बोर्ड डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये. प्रत्येक चॅनलला, म्हणजे एकेका इनपुटाच्या सर्किटला, १५० ओहमचा शंट (करंट मोजायचा रेझिस्टर; २० मिलिअँपला ३ व्होल्ट, म्हणजे ३.३ व्होल्टच्या एडीसीत, व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागात, आरामात बसतं), जास्त व्होल्टेजच्या झटक्यापासून वाचवणारा टीव्हीएस डायोड, आरसी फिल्टर आणि ऑप-अँप बफर. पहिल्या चॅनलचा लेआउट (बोर्डावरची भागांची आणि ट्रॅकची मांडणी) मनासारखा झालाय. शंटच्या पॅडच्या आतल्या कडेवरून सेन्सचे ट्रॅक वेगळे काढलेत, टीव्हीएस टर्मिनलला चिकटून आहे. हेच अजून सात वेळा हाताने करायचं जिवावर आलंय.

पीसीबीत सरळ कॉपी-पेस्ट करून पाहिलं. दिसायला झकास, पण स्कीमॅटिकवरून (सर्किटच्या आकृतीवरून) अपडेट दिलं की खरे फुटप्रिंट (भागांचे बोर्डावरचे ठसे) बोर्डाबाहेर ढिगाने येऊन पडतात आणि पेस्ट केलेले पोरके राहतात. स्कीमॅटिक एकाच पानावर आहे. हायरार्किकल शीट (मुख्य पानातून जोडलेलं, पुन्हा पुन्हा वापरता येणारं उपपान) करावीच लागेल का? केली तर झालेला लेआउट शाबूत राहील का?

सोल्डरगन:
शीट कराच. फुटप्रिंट आणि स्कीमॅटिकमधल्या सिम्बॉलचं नातं ‘आर१’ या नावावर, म्हणजे रेफरन्सवर, नसतं, आत दडलेल्या आयडीवर असतं. म्हणून तुमचे पेस्ट केलेले पोरके होतात. पण आधी सांगा, ऑप-अँप सिंगल आहे की ड्युअल (एका चिपमध्ये दोन)?

धागाकर्ता:
एमसीपी६००२. ड्युअल.

सोल्डरगन:
वाटलंच. मग एका चॅनलची शीट चालणार नाही, अर्धी चिप एका शीटमध्ये आणि अर्धी दुसरीत जाईल. दोन चॅनलची एक शीट, अशा चार. आधी दुसऱ्या चॅनलचा लेआउटही पूर्ण करा.

मग प्रोजेक्टची प्रत काढून ठेवा. दोन्ही चॅनल कट करून नव्या शीटमध्ये पेस्ट स्पेशलने टाका, जुने रेफरन्स तसेच ठेवायचा पर्याय निवडून. इनपुट आणि एडीसीच्या तारांना हायरार्किकल लेबल द्या, म्हणजे त्या शीटबाहेर जोडता येतील. ग्राउंड-सप्लायचे पॉवर सिम्बॉल ग्लोबलच असतात, त्यांना हात लावू नका. आता पीसीबी अपडेट करताना ‘रेफरन्सवरून फुटप्रिंट पुन्हा जोडा’ या अर्थाची टिक द्या. लेआउट जागच्या जागी राहिला की मगच स्कीमॅटिकमधले बाकीचे सहा चॅनल काढून शीटच्या तीन कॉपी करा, सगळ्या त्याच फाइलच्या. हा क्रम उलटा करू नका. अ‍ॅनोटेट करताना (भागांना नंबर देताना) जुने नंबर रीसेट करू नका, नाहीतर त्या टिक-खुणेचा काही उपयोग नाही.

पुढचं काम रिप्लिकेट लेआउट प्लगइनचं, प्लगइन मॅनेजरमध्ये मिळेल. तिन्ही नव्या शीटमधला ऑप-अँप आधी हव्या त्या जागी ठेवा, मग पहिल्या शीटचा ऑप-अँप निवडून प्लगइन चालवा.

दोन_लेयरवाला:
कीकॅड ९ ला आलात तर प्लगइनही नको. मल्टी-चॅनल टूलमध्ये शीटवरून रूल एरिया (प्रत्येक शीटच्या भागांसाठी बोर्डावर आखलेली जागा) तयार होतात आणि लेआउट रिपीट करता येतो.

धागाकर्ता:
क्लायंटकडे ७ आहे, आणि ९ मध्ये सेव्ह केलेली फाइल ७ मध्ये उघडत नाही. प्लगइनच बरं. एकच शंका: चार टर्मिनल समोरच्या कडेला आहेत, तिथले चॅनल १८० अंशांत फिरलेले हवेत.

सोल्डरगन:
तिथला ऑप-अँप १८० अंशांत फिरवून ठेवा, बाकीचं त्याच्याभोवती तसंच फिरून येतं. झाल्यावर बी दाबून कॉपर झोन भरा आणि डीआरसी (बोर्डाच्या चुका शोधणारी तपासणी) चालवा.