मदत हवी आहे : आर्केड फायरचे अल्बम आणि गाण्यांचा क्रम

मॉन्ट्रियलच्या आर्केड फायर या बँडच्या अल्बमची क्रमवारी लावताना माझे गाडे ‘फ्युनरल’ (२००४) आणि ‘द सबर्ब्स’ (२०१०) यांच्यापाशी अडले आहे, म्हणून जाणकारांचे मत हवे आहे. ‘फ्युनरल’च्या पूर्वार्धात ‘नेबरहुड’ या नावाची चार गाणी आहेत. मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या ‘नेबरहुड’च्या मध्ये ‘यून आने सां ल्युमिएर’ हे संथ सुरू होऊन शेवटी एकाएकी वेग घेणारे गाणे येते. त्यामुळे मालिका तुटते, असे माझ्या एका मित्राचे म्हणणे आहे. मला मात्र त्या विसाव्यामुळेच ‘पॉवर आउट’ या तिसऱ्या ‘नेबरहुड’चा आवेग अधिक अंगावर येतो, असे वाटते.

‘द सबर्ब्स’ला २०११ मध्ये वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळाले, तरी सोळा गाण्यांच्या त्या पसाऱ्यात मधला भाग मला सैल वाटतो. परंतु ‘स्प्रॉल’ या दोन भागांतील गाण्याचा दुसरा भाग थेट पंधराव्या क्रमांकावर आल्यामुळेच इतका मोकळा वाटतो का? मधली दोन-तीन गाणी वगळली, तर तो परिणाम टिकेल का, आणि आपण वगळायची झाल्यास कोणती वगळाल? ‘निऑन बायबल’ हा त्यांचा अल्बम मी निःशंकपणे तिसरा ठेवला आहे; पहिल्या स्थानाबद्दल मात्र कृपया कारणांसह लिहावे.