टेम्पलरांचा खजिना की हॉस्पिटलरांचा दवाखाना? (घरच्या ग्रुपवरची चर्चा)

चिनू: हा व्हिडिओ सगळ्यांनी बघा. टेम्पलर नाइट्स म्हणजे ख्रिस्ती लढवय्या साधूंचा पंथ. त्यांचा खजिना सातशे वर्षं झाली तरी सापडलेला नाही! १३ तारखेचा शुक्रवार अशुभ मानतात तेही यांच्यामुळेच म्हणे.

नाना: तारीख बरोबर आहे. १३ ऑक्टोबर १३०७, शुक्रवार. फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याने त्या पहाटे राज्यभरातले टेम्पलर एकदम पकडले. अशुभ शुक्रवाराशी त्याचं नातं मात्र फार अलीकडे जोडलं गेलंय. आणि खजिन्याचं म्हणशील तर तो जमिनीत पुरलेला नव्हता, खातेवह्यांत होता.

चिनू: म्हणजे?

नाना: म्हणजे पॅरिसला राजाची तिजोरीच टेम्पलरांच्या गढीत असायची. यात्रेकरूने युरोपात त्यांच्याकडे पैसे ठेवायचे आणि जेरुसलेमकडे गेल्यावर चिठ्ठी दाखवून घ्यायचे. आपल्याकडच्या हुंडीसारखंच. वाटेत लुटले जायची भीती नाही. शिवाय युरोपभर जमिनी, मळे, गिरण्या. लढायांनी राजा कंगाल झालेला. आदल्याच वर्षी, १३०६ मध्ये, त्याने ज्यूंना देशाबाहेर काढून त्यांची मालमत्ता घेतली होती. मग नजर टेम्पलरांवर गेली.

वृषालीवहिनी: पण त्यांच्यावर धर्मद्रोहाचे आरोप होते ना? क्रूसवर थुंकले, मूर्तीची पूजा केली वगैरे?

नाना: आरोप होते आणि कबुलीजबाबही होते. पण हाल करून घेतलेले. कबुली मागे घेतली त्यातल्या ५४ जणांना मे १३१० मध्ये पॅरिसबाहेर जिवंत जाळलं. पोपने १३१२ मध्ये पंथच बरखास्त केला आणि १३१४ च्या मार्चमध्ये शेवटचा प्रमुख जाक द मोले याला पॅरिसला सेन नदीतल्या बेटावर जाळलं. म्हातारा माणूस होता. जन्मठेप सुनावली तेव्हा त्याने सगळ्यांसमोर आपली कबुली मागे घेतली. चिनू, व्हिडिओ करायचाच तर या माणसावर करावा.

चिनू: मग पैसे गेले कुठे?

नाना: पोपने मालमत्ता दुसऱ्या एका पंथाला द्यायचा हुकूम काढला. हॉस्पिटलरांना. फिलिपने खर्च म्हणून त्यातलं जमेल तेवढं आधी काढून घेतलं.

सागरदादा: नाना, मी आत्ता त्यांच्याच गावात आहे! बोट माल्टाला लागलीय, तिथल्या राजधानीत, व्हॅलेटात फिरतोय. जिकडे बघावं तिकडे आठ टोकांचा पांढरा क्रॉस. मला वाटलं हे टेम्पलरच.

नाना: नाही, हे हॉस्पिटलर. सेंट जॉनचे. माल्टात नंतर आले. मूळ जेरुसलेमचे आणि वयाने टेम्पलरांपेक्षा मोठे. इटलीतल्या अमाल्फीच्या व्यापाऱ्यांनी अकराव्या शतकात जेरुसलेममध्ये यात्रेकरूंसाठी धर्मशाळा आणि दवाखाना काढला. तेव्हा क्रुसेड, म्हणजे जेरुसलेम घ्यायला निघालेल्या युरोपातल्या ख्रिश्चनांच्या स्वाऱ्या, सुरूही झाल्या नव्हत्या, शहर मुसलमानांच्या राज्यात होतं. जेरार्ड नावाचा माणूस तिथलं बघायचा. १०९९ मध्ये क्रुसेडवाल्यांनी शहर घेतलं, देणग्या यायला लागल्या आणि १११३ मध्ये पोपने मान्यता दिली. तलवार हातात आली ती पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत, हळूहळू.

मंजूआत्या: थांबा. आधी दवाखाना आणि मग लढाई?

नाना: हो मंजू. टेम्पलर पहिल्यापासून शिपाई. वाटेवर यात्रेकरू लुटले जात म्हणून साधारण ११२० च्या सुमारास ह्यू द पायां आणि त्याचे सोबती एकत्र आले. दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन ही तीन व्रतं घ्यायची आणि तलवारही चालवायची. हॉस्पिटलरांचं उलट. ते सेवेकरी होते, शिपाई मागाहून झाले.

मंजूआत्या: मला त्या दवाखान्याचं सांग. बाकीचं नंतर.

नाना: तुझ्यासाठीच लिहितो. ११८२ चे त्यांचे नियम उपलब्ध आहेत. रॉजर द मूलां प्रमुख असतानाचे. त्यातले आठवतील तसे देतो. रुग्णांसाठी चार जाणकार वैद्य, ज्यांना लघवी तपासून आजार ओळखता येतो आणि औषध देता येतं. खाटा माणसाला नीट आडवं होता येईल एवढ्या लांब-रुंद. प्रत्येक खाटेला स्वतःचं पांघरूण आणि स्वतःच्या चादरी. प्रत्येक रुग्णाला मेंढीच्या कातड्याचा अंगरखा, लोकरीची टोपी आणि शौचाला जाता-येताना घालायला जोडे. आणि यात्रेकरू बाया तिथे बाळंत होत, त्यांच्या बाळांना वेगळे छोटे पाळणे. आई झोपेत हलली तर बाळाला इजा होऊ नये म्हणून.

मंजूआत्या: नाना, हे ज्याने लिहिलं तो रात्रपाळीला वॉर्डात उभा राहिलेला माणूस आहे. जोड्यांचं कलम कोणाला सुचतं? रात्री रुग्ण पडतो तो खाटेवरून नाही, शौचाला जाताना. पाय गार, फरशी ओली, अंगात ताप. आणि पाळण्याचं तर काय सांगू. दमलेली बाळंतीण बाळाला कुशीत घेऊन झोपते आणि आम्ही दर फेरीला बाळ उचलून पाळण्यात ठेवत जातो. मी आयुष्यभर प्रसूतिगृहात नव्या मुलींना हेच शिकवलं. आठशे वर्षांपूर्वी कोणीतरी ते नियमात घातलंय!

मंजूआत्या: आणि प्रत्येकाला वेगळी चादर! एका खाटेवर दोघी-तिघी असलेले दिवस मी नोकरीला लागले तेव्हा पाहिलेत.

वृषालीवहिनी: आत्या, पण हे फक्त ख्रिश्चनांसाठी असेल ना?

नाना: नाही, वृषाली. त्याच काळात त्या रुग्णालयाचं वर्णन लिहून ठेवलंय, त्यात स्पष्ट आहे की मुसलमान आणि ज्यू रुग्णांनाही घेत. बायकांचा वेगळा विभाग होता, दूध पाजणाऱ्या दाया होत्या. रुग्णांना ते ‘आमचे धनी’ म्हणत. जागा एवढी मोठी की थिओडोरिक नावाच्या यात्रेकरूने हजारावर खाटा असल्याचं नोंदवलंय.

चिनू: मग इजिप्त-सीरियाचा सुलतान सलाउद्दीन याने जेरुसलेम घेतलं तेव्हा यांचं काय झालं? गेममध्ये तर सगळ्यांना मारतात.

नाना: दोन गोष्टी झाल्या आणि दोन्ही लक्षात ठेव. ४ जुलै ११८७ ला हत्तीनच्या लढाईत क्रुसेडवाल्यांचा पुरता धुव्वा उडाला. हाती लागलेल्या टेम्पलर आणि हॉस्पिटलर कैद्यांना सलाउद्दीनने ठार मारवलं. बाकीच्या सरदारांना खंडणी घेऊन सोडता येत होतं, यांना नाही, कारण यांच्यासारखे शिस्तीचे लढवय्ये दुसरे नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शहर शरण आलं तेव्हा मात्र त्याने दहा हॉस्पिटलरांना रुग्ण बरे होईपर्यंत, वर्षभर, शहरात राहायची परवानगी दिली.

मंजूआत्या: रुग्ण टाकून जायचं नव्हतं त्यांना. आणि त्यालाही ते कळलं.

सागरदादा: आत्या, फोटो टाकतोय. हे इथलं त्यांचं रुग्णालय, साक्रा इन्फर्मेरिया. आता कॉन्फरन्स सेंटर आहे. मुख्य वॉर्ड १५५ मीटर लांब! एका टोकाला उभं राहिलो तर दुसऱ्या टोकाचा माणूस ठिपक्याएवढा दिसतो. बंदराला अगदी लागून आहे. गाइड म्हणाली रुग्णांना जेवण चांदीच्या ताटवाट्यांत देत.

मंजूआत्या: चांदी का रे? थाट म्हणून?

नाना: मान म्हणूनही आणि चांदी स्वच्छ राहते म्हणूनही. नाइट व्हायला आलेल्या तरुणांना, म्हणजे युरोपातल्या बड्या घरच्या पोरांना, आळीपाळीने त्या वॉर्डात रुग्णांना वाढायला लागायचं. शरीररचना आणि शस्त्रक्रिया शिकवायची शाळाही तिथेच निघाली, १६७६ मध्ये.

चिनू: पण जेरुसलेमहून माल्टा कसं काय? मधलं सांगा की.

नाना: मधलं थोडक्यात. १२९१ मध्ये क्रुसेडवाल्यांचं अक्रा हे बंदर पडलं आणि पवित्र भूमीतलं त्यांचं राज्य संपलं. आधी सायप्रस, मग १३१० च्या सुमारास ऱ्होड्स बेट घेतलं. तिथे दोनशे वर्षं. १५२२ मध्ये तुर्की सुलतान सुलेमानने सहा महिने वेढा घालून ते काढून घेतलं, पण मानाने जाऊ दिलं. १५३० मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने माल्टा दिलं, वर्षाला एक ससाणा एवढ्या नजराण्यावर. १५६५ मध्ये तोच सुलेमान परत आला. म्हणजे त्याची फौज.

सागरदादा: सेंट एल्मोचा किल्ला मी बघून आलो. बंदराच्या तोंडावर एवढासा. तीन-चार दिवसांत पडेल असा हिशेब होता म्हणे, महिनाभर लढला. २३ जूनला पडला. पलीकडे पंथाचा प्रमुख ला व्हालेत, सत्तरीचा, स्वतः तटावर. सप्टेंबरात वेढा उठला आणि पुढच्या वर्षी या शहराचा पाया घातला. शहराला त्याचंच नाव. बोटीवरचा माणूस म्हणून सांगतो, ही बंदरं बघितली की कळतं हे बेट सगळ्यांना का हवं होतं.

वृषालीवहिनी: सागर, नाना, एक विचारू? बंदर आलं, गलबतं आली. ती वल्हवत कोण होतं?

नाना: गुलाम. समुद्रावर पकडलेले मुसलमान कैदी. शिक्षा झालेले गुन्हेगारही असत, पण मुख्यतः गुलाम.

वृषालीवहिनी: तेच म्हणतेय मी. मघापासून चादरी, पाळणे, चांदीची ताटं वाचतेय. आणि त्याच क्रॉसखाली माणसं साखळीने बाकाला बांधलेली. तो खर्च कुठून यायचा, याचाही हिशेब हवा.

नाना: तुझा मुद्दा पूर्ण खरा आहे. बराचसा पैसा युरोपातल्या जमिनींतून यायचा, पण माल्टाचा धंदा म्हणजे चाचेगिरीच होती, धर्माचा शिक्का मारलेली. व्हॅलेटात गुलामांचा बाजार होता. १७४९ मध्ये गुलामांनी प्रमुख पिंतो याला मारायचा कट केला, तो फुटला आणि पुष्कळांना हाल करून मारलं. उत्तर आफ्रिकेच्या बंदरांत ख्रिश्चन गुलामांची हीच गत होती, पण त्याने इथला दोष कमी होत नाही.

मंजूआत्या: वृषाली, तू बोललीस ते बरं केलंस. मला त्यांचा दवाखाना आवडला, अजूनही आवडतो. पण जेरुसलेमच्या वॉर्डात मुसलमान रुग्णाला ‘धनी’ म्हणणारे पुढे त्याच धर्माच्या माणसाला वल्ह्याला बांधतात, तर त्यांनी आपलाच नियम सोडला. रुग्ण खाटेवर असला तरच माणूस, आणि बाकावर असला तर नाही, असं नर्सला म्हणता येत नाही.

चिनू: मग यांना कोणी हटवलं?

नाना: नेपोलियनने. जून १७९८. इजिप्तला जाता जाता त्याने माल्टा घेतलं. होम्पेश नावाच्या प्रमुखाने लढाईच अशी दिली नाही. नेपोलियनने गुलामगिरी बंद केली आणि रुग्णालयातली चांदीही नेली.

सागरदादा: यांच्यातला एक जण आपल्या समुद्रावर येऊन लढलाय हे माहीत आहे का? सुफ्रेन. माल्टाचा नाइट, फ्रेंच आरमाराचा सेनापती. १७८२-८३ मध्ये मद्रासच्या खालच्या किनाऱ्यावर आणि श्रीलंकेतल्या त्रिंकोमालीजवळ इंग्रजांशी पाच लढाया केल्या. हैदरअलीला जाऊन भेटलाही. ट्रेनिंगमध्ये आम्हाला त्याचं नाव ऐकवलं होतं.

नाना: वा! आणि तो इकडे पोचला तेव्हा मराठे इंग्रजांशी तह करत होते. सालबाई, १७ मे १७८२. महादजींनी घडवलेला.

चिनू: आणि टेम्पलर इंडियात कधीच आले नाहीत?

नाना: पंथ म्हणून नाही. पण पोर्तुगालच्या दिनीश राजाने त्यांची मालमत्ता बाहेर जाऊ दिली नाही. १३१९ मध्ये ‘ऑर्डर ऑफ क्राइस्ट’ असा नवा पंथ काढून त्यालाच दिली. तोमारचा टेम्पलरांचा गढ पुढे त्यांचाच. पोर्तुगालचा राजपुत्र हेन्री याच पंथाचा कारभारी होता आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याने निघालेल्या मोहिमांना यांचा पैसा लागला. वास्को द गामाच्या शिडांवरचा लाल क्रॉस याच पंथाचा. गोव्यात, वसईत, चौलला पोर्तुगीज आले ते त्याच क्रॉसखाली. तुझा खजिना शोधायचाच असेल तर तो त्या जहाजांच्या लाकडात शोध.

वृषालीवहिनी: आणि हॉस्पिटलर? १७९८ नंतर संपले?

नाना: संपले नाहीत. बेट नाही, आरमार नाही, पण पंथ रोममध्ये आहे. स्वतःचे पासपोर्ट काढतात, शंभरावर देशांशी राजनैतिक संबंध आहेत, १९९४ पासून संयुक्त राष्ट्रांत निरीक्षक. काम दवाखाने, रुग्णवाहिका, निर्वासितांचं. इंग्लंडमध्ये त्याच परंपरेच्या नावाने सेंट जॉन अॅम्ब्युलन्स निघाली, १८७७ मध्ये.

मंजूआत्या: ती तर आपल्याकडेही आहे! प्रथमोपचाराच्या प्रमाणपत्रावर तोच आठ टोकांचा क्रॉस. कारखान्यांतली माणसं ते शिकायला यायची, मी पट्ट्या बांधायला शिकवलंय त्यांना.

नाना: आणि मंजू, बेथलेहेमला १९९० पासून ते एक रुग्णालय चालवतात. प्रसूतीचं. बहुतेक बाळंतिणी मुसलमान असतात.

मंजूआत्या: नवजात बाळांसाठी अतिदक्षता आहे का तिथे?

नाना: आहे.

मंजूआत्या: सध्या तिकडे रस्ते बंद असतात, नाके असतात. कळा सुरू झालेली बाई पोचते कशी, ते कुठे लिहिलेलं मिळालं तर मला पाठव. मराठीत नसेल तर चिनू वाचून दाखवेल.

चिनू: शोधतो आत्या. आज रात्रीच.